ताबा आधी, कागद मागून

उल्हासनगरातल्या जुन्या घराचे खरेदीखत हातात घेतले, तर मालमत्तेचे वर्णन साधारण असे असते: कॅम्प नंबर अमुक, सेक्शन तमुक, बॅरेक नंबर, रूम नंबर. दुसरे महायुद्ध संपून ऐंशी वर्षे झाली, तळावरचे सैनिक केव्हाच निघून गेले, पण लष्करी तळाची ही खूण अजून दस्तात नांदते आहे. तिथून मलंगगडाच्या रस्त्याला लागले की नेवाळी, भाल, द्वारली ही गावे येतात. तिथे उलटा प्रकार. शेत पिढ्यानपिढ्या एकाच घरातली माणसे कसतात, आणि सरकारदरबारी जमीन संरक्षण खात्याची.

ही दोन्ही टोके एकाच युद्धातून निघाली. कल्याणच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा भातशेतीचा पट्टा युद्धासाठी घेतला गेला. दहा वर्षांच्या आत त्याच्या काही भागावर शेतकरी, लष्कर आणि निर्वासित असे तीन ताबेदार एकामागून एक आले. प्रत्येक वेळी ताबा आधी गेला आणि कागद मागून आला. काहींच्या वाट्याला तर तो आलाच नाही. आज उल्हासनगर म्हटले की बेकायदा इमारती आठवतात आणि नेवाळी म्हटले की दगडफेक आठवते. या दोन्ही गोष्टींचे मूळ त्या उशिरात आहे.

ताम्रपटापासून सर्व्हे नंबरापर्यंत

या मुलखात जमिनीचा कागद नवा नाही. अंबरनाथला वालधुनीच्या काठी उभे असलेले शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांचे. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ही मिती आहे. त्याच घराण्यातल्या छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट भांडूपला सापडला. त्यात साष्टीतल्या नौर गावचे एक शेत आमदेवैय नावाच्या ब्राह्मणाला दिल्याची नोंद आहे. राजाने नुसते शेत दिले असे म्हणून काम भागवले नाही. शेताच्या चतुःसीमा लिहिल्या, शेजारची गावे सांगितली, पश्चिमेचा राजपथ सांगितला. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही ठाऊक होते की सीमा लिहिल्याशिवाय दान टिकत नाही.

पुढे राज्ये बदलत गेली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. अठराव्या शतकात कल्याण हे पेशव्यांच्या सुभ्याचे ठाणे होते. १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. यातल्या कोणत्याही बदलात भाताचे खाचर कसणारा माणूस सहसा हलला नाही. हललेला असे तो सारा घेणारा. आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी यांचा हा मुलूख. खाली खाचरांत भात, वर वरकस जमिनीवर नागली-वरी, उन्हाळ्यात राब भाजायचा आणि पावसाची वाट पाहायची.

इंग्रजांनी मोजणी केली, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर दिला, आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सारा भरणारा खातेदार पक्का केला. पण खातेदार आणि कसणारा हे दोघे एक असतीलच असे नव्हते. कर्जापायी बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या, आणि मूळ कास्तकार आपल्याच शेतात कूळ होऊन राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण युद्धाच्या वेळी सरकार जमीन घ्यायला आले तेव्हा कागदावर सावकार होता आणि बांधावर कूळ.

१८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी आली, १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीपर्यंत रूळ पडले. १९२४ च्या सुमारास अंबरनाथला विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला. तरीही रुळांपासून थोडे दूर गेले की सगळी शेतीच होती. मुंबई बंदरापासून पन्नास-साठ किलोमीटर, रेल्वेच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात, उल्हास नदीचे पाणी हाताशी आणि जमीन बरीचशी सपाट. लष्कराच्या नजरेत भरायला एवढे पुरेसे होते.

लढाईची निकड

१९४२ च्या सुरुवातीला सिंगापूर पडले, पाठोपाठ रंगून गेले, आणि हिंदुस्थान ही युद्धाची पिछाडी राहिली नाही. मुंबई बंदरात उतरणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या फौजांना थांबवायला जागा हवी होती. कल्याणजवळ त्यासाठी मोठा तळ उभारला गेला. त्याला लोक कल्याण कॅम्प म्हणू लागले. सुमारे ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसे राहतील अशी त्याची आखणी होती. २,१२६ बॅरेकी आणि सुमारे १,१७३ क्वार्टर तिथे उभी राहिली. बॅरेकीचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच: मधे लांबच लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. याच काळात नेवाळीच्या बाजूला धावपट्टीसाठी १,६०० एकरांहून जास्त जमीन घेतली गेली.

जमीन घेण्याचे दोन मार्ग सरकारच्या हाती होते. एक १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात नोटीस, हरकती, निवाडा, मोबदला अशा पायऱ्या होत्या आणि शेवटी मालकी कायमची सरकारकडे जाई. दुसरा १९३९ चा भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम. त्यात लढाईपुरता ताबा घेता येई. मालकी मालकाचीच राही आणि वापराबद्दल भरपाई मिळे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी दोन्हींत फरक नव्हता. साहेब येई, खुणा ठोकी, पीक काढून घ्या म्हणे. पण नंतरच्या पिढ्यांसाठी सारा फरक यातच होता. पहिल्या मार्गाने गेलेली जमीन गेली. दुसऱ्या मार्गाने गेलेली परत मिळायला हवी.

१९४५ मध्ये युद्ध संपले. १९४६ च्या सप्टेंबरअखेर संरक्षण कायद्याची मुदत संपली. ताब्यातल्या जमिनी सोडाव्या लागू नयेत म्हणून १९४७ मध्ये सरकारने ते अधिकार पुढे चालू ठेवणारा स्वतंत्र कायदा केला आणि १९५२ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. लढाईची निकड संपली तरी ताबा तसाच राहिला. कल्याण कॅम्प ओस पडला, छपरांखाली कोणी नव्हते, आणि जमीन मागायला गावकऱ्यांनी कचेरीत जावे इतक्यात कराचीहून जहाजे येऊ लागली.

छपराखाली तीस माणसे

पंजाब आणि बंगाल फाळणीत चिरले गेले. त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापल्या भाषेचा मुलूख उरला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना सीमेच्या या बाजूला स्वतःचा असा एकही जिल्हा नव्हता. तरी सुरुवातीला पुष्कळ जण थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि थांबण्याचा धीर सुटला. माणसे जहाजाने मुंबईला उतरू लागली.

त्यांना ठेवायचे कुठे? पूर्व पंजाबात मुसलमान सोडून गेलेली घरे आणि शेते निर्वासितांना देता आली. मुंबई प्रांतात अशी मालमत्ता गरजेच्या मानाने फारच थोडी होती. होते ते लष्कराचे रिकामे तळ. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. ती रिकामी झाल्यावर तिथे सिंधी आले आणि गांधीनगर झाले. मुलुंड, चेंबूर, पिंपरी इथेही छावण्या झाल्या. सर्वांत मोठी जागा होती कल्याण कॅम्पची. तिथे सुमारे एक लाख माणसे आली. बॅरेकी आणि क्वार्टर दोन्ही मोजली तरी एका छपराखाली सरासरी तीस माणसे होतात.

मधल्या लांब हॉलमध्ये कुटुंबांनी आपापल्या हद्दी आखल्या त्या गोणपाट बांधून आणि साड्या-चादरी टांगून. पलीकडच्या कुटुंबाचे खोकणे, भांडण, रडणे सगळे अलीकडे ऐकू येई. हैदराबाद-सिंधमधल्या हवेशीर घरांतून आलेल्या माणसाला पडद्याआडच्या हातभर जागेत चूल मांडावी लागली. कोणी पापड लाटले, कोणी गोळ्या-बिस्किटे घेऊन लोकलच्या डब्यात चढले, कोणी बॅरेकीच्या पुढच्या पडवीतच दुकान थाटले. आजचा फर्निचर बाजार, कापडबाजार, जीन्सचे कारखाने यांची मुळे त्या पडवीत आहेत. तिथेच दुसरी एक सवयही रुजली: गरज पडली की भिंत पुढे सरकवायची, परवानगीचे नंतर पाहू. त्या वेळी परवानगी मागायची तरी कोणाकडे? नगरपालिका नव्हती आणि घर कोणाचे हेच ठरलेले नव्हते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली आणि नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच विभागांना मात्र कॅम्प एक ते पाच हेच नाव राहिले. रेल्वेच्या पश्चिमेला एक, दोन, तीन. पूर्वेला चार आणि पाच. ८ ऑगस्ट अजूनही शहराचा वाढदिवस म्हणून साजरा होतो.

सनद

कोनशिला बसली तेव्हाही जमीन सरकारची होती आणि राहणारा भाडेकरूसारखा होता. मालकीची वाट मोकळी झाली ती १९५४ च्या विस्थापित व्यक्ती भरपाई आणि पुनर्वसन कायद्याने. त्याआधी १९५० च्या कायद्याखाली प्रत्येकाने सिंधमध्ये काय मागे ठेवले त्याचे दावे नोंदवून घेतले होते. पुराव्यादाखल कोणाकडे गुंडाळून आणलेले फारसी-सिंधी दस्त, कोणाकडे कराची नगरपालिकेच्या पावत्या, तर कोणाकडे फक्त शेजाऱ्याची साक्ष. दावा मंजूर झालेल्याच्या भरपाईतून बॅरेकीतल्या खोलीची किंमत वळती होई. दावा नसलेल्याला हप्ते बांधून दिले जात. पैसे फिटले की सनद हाती पडे.

ही योजना माणुसकीची होती आणि हिशेबाचीही. ज्या सरकारला रोख भरपाई देणे झेपणारे नव्हते, त्याने हाताशी असलेली लष्करी छपरे विकून ती भागवली. निर्वासित एका पिढीत मालक झाला. जगातल्या कित्येक छावण्यांत माणसे तिसऱ्या पिढीपर्यंत तंबूत राहतात. उल्हासनगरात दहा-बारा वर्षांत त्यांना नावावर घर मिळाले. ही छोटी गोष्ट नाही.

पण सनदेत एक मोठी उणीव होती. ती खोली देत होती, शहर देत नव्हती. बॅरेक लष्कराच्या सोयीने बांधलेली, रस्ते लष्करी गाड्यांच्या सोयीचे. हॉलचे तुकडे पाडून दिलेल्या चिंचोळ्या जागेवर उद्या तीन भावांनी घरे बांधायची तर उजेड कुठून, वाट कुठून, सांडपाणी कुठे, हे काहीच सनदेत नव्हते. दोन बॅरेकींमधली मोकळी जागा कोणाची, हेही मोघम राहिले. १९६० मध्ये नगरपालिका आली तेव्हा अशा जागांवर पत्र्याच्या शेड चढू लागल्या होत्या. मोघम जागेवर पुढे बनावट सनदाही निघाल्या.

आणखी एक माणूस या व्यवहारात कुठेच नव्हता: ज्याच्या खाचरावर बॅरेक उभी होती तो. नेमके त्याच वर्षांत मुंबई राज्यात कूळकायद्याने मोठी उलथापालथ केली. १९४८ चा कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसत असलेल्या कुळाला मालक होण्याचा हक्क मिळाला. बदलापूरकडच्या गावांतल्या पुष्कळ कुळांची नावे त्यानंतर सातबाऱ्याच्या मालकी सदरात चढली. कॅम्पखाली गेलेल्या जमिनीच्या कुळाला हा लाभ मिळणे शक्य नव्हते. तो कसत नव्हता, कारण त्याला कसू दिले जात नव्हते. सावकाराला निदान मोबदल्याचा कागद दाखवता आला असेल. कुळाकडे दाखवायला काही नव्हते.

नेवाळीचे शेत

धावपट्टीच्या जमिनीची कथा वेगळ्या वळणाने गेली. तिथे निर्वासित वसले नाहीत. युद्धानंतर विमाने उतरेनाशी झाली आणि आसपासचे शेतकरी हळूहळू आपल्या जुन्या बांधांवर परतले. भात लावला, काढला. कोणी हटकले नाही. दोन पिढ्या अशा गेल्या. सरकारदरबारी मात्र ती जमीन संरक्षण खात्याचीच राहिली आणि पुढे नौदलाच्या ताब्यात आली. मुंबईला दुसरा विमानतळ हवा अशी चर्चा निघाली की मधूनमधून कल्याणच्या या धावपट्टीचेही नाव निघे, आणि गावांत धाकधूक वाढे.

नौदलाने कुंपणभिंत घालायला सुरुवात केली तेव्हा ही वर्षानुवर्षांची संदिग्धता संपली. २२ जून २०१७ रोजी शेतकरी रस्त्यावर आले. पेरणीचे दिवस होते. मलंगगडचा रस्ता अडवला गेला, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्‍यांच्या बंदुका चालल्या, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते: जमीन लढाईपुरती घेतली होती, लढाई संपली, परत द्या. संरक्षण खात्याचे म्हणणेही तितकेच सरळ होते: जमीन संपादित झाली आहे, कागद आमच्या नावे आहे.

अशा वादात पुरावा कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न असतो, आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. मेक्सिकोच्या राजवटीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मोठमोठी कुरणे इनाम दिली गेली होती. सीमा सांगितलेल्या असत त्या एखाद्या ओकच्या झाडाने, ओढ्याने, टेकडीने. १८४८ च्या तहाने तो प्रांत अमेरिकेकडे गेला. तहात जुन्या मालमत्तेला अभय होते, पण १८५१ च्या कायद्याने प्रत्येक इनामदाराला आयोगापुढे जाऊन आपले इनाम सिद्ध करायला लावले. ८१३ दावे दाखल झाले. त्यांतले ६०० च्या आसपास मंजूर झाले. पण पक्के पट्टे हाती येईपर्यंत सरासरी सतरा वर्षे गेली. तोवर वकिलांची देणी आणि कर्ज यांत कित्येकांची जमीन विकली गेली. हक्क नाकारला गेला नव्हता. तो सिद्ध करण्याचा खर्च हक्कापेक्षा मोठा झाला. नेवाळीचा शेतकरी आणि तो इनामदार यांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचे अंतर, पण अडचण तीच. कागद सरकारने करायचा, सरकारने सांभाळायचा, आणि तो नसल्याचा तोटा मात्र दुसऱ्याने सोसायचा.

८५५ इमारती

उल्हासनगरात मोघम सनदेचे फळ नव्वदीत दिसले. सुमारे १३ चौरस किलोमीटरचे शहर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,०६,०९८. बाजूला पसरायला जागा नव्हती, तेव्हा शहर वर चढले. बॅरेकीच्या चिंचोळ्या तुकड्यांवर चार-पाच मजले उभे राहिले. सनदा एकाच्या, बांधणारा दुसरा, राहणारा तिसरा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००५ च्या सुमारास ८५५ बेकायदा इमारती पाडण्याची वेळ आली. हातोडा पडू लागला, शहर बंद झाले, माणसे रस्त्यावर उतरली. २००६ मध्ये राज्य सरकारने फक्त उल्हासनगरपुरता कायदा करून दंड भरून बांधकामे नियमित करण्याची सोय केली.

सोय झाली, पण प्रतिसाद तोकडा राहिला. दंड भरायचा तर आधी जागा कोणाची हे दाखवावे लागे, आणि घोडे तिथेच पेंड खात होते. नंतर अटी आणि दंडाचे दर सैल करावे लागले. दरम्यान इमारती थकत होत्या. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे मेली. नव्वदीतल्या घाईच्या बांधकामात वापरलेल्या निकृष्ट रेतीची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. रेती हे एक कारण खरेच. पण जी इमारत कागदावर नाही तिची तपासणी कोण करणार, आणि तिच्या दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीला कर्ज कोण देणार?

शेजारच्या दोन गावांशी ताडून पाहिले की फरक कळतो. अंबरनाथला आयुधनिर्माणी आली, पुढे औद्योगिक वसाहत आली. तिथे जमिनी गेल्या, मोबदल्यावरून भांडणे झाली, पण व्यवहार झाल्याची नोंद राहिली. बदलापुरात तर जमीन बरीचशी खातेदाराच्याच नावावर राहिली. मुंबईची माणसे स्वस्त घरांच्या शोधात तिथे पोचली तेव्हा विकायला शेतकरी स्वतः बसला. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. त्या वाढीतून कोणाचे किती भले झाले हा वेगळा विषय. पण वाटाघाटीला बसायचा हक्क तिथल्या खातेदाराला होता. नेवाळीत तो नव्हता, आणि कॅम्पखाली गेलेल्या गावांत तर विषयच संपला होता.

हिशेब

या साऱ्यात खलनायक शोधू गेले तर हाती काही लागत नाही. १९४२ ची निकड खरी होती. १९४८ मध्ये लाखभर माणसांना छप्पर देणे हे सरकारचे कर्तव्यच होते, आणि ते त्याने निभावले. चूक झाली ती नंतरच्या शांत वर्षांत. निकडीत घेतलेल्या ताब्याचा निकाल तेव्हा लावायला हवा होता: जमीन परत करायची की कायमची घ्यायची, घ्यायची तर कुळाला काय आणि मालकाला काय, आणि निर्वासिताला फक्त खोली द्यायची की तिच्यासोबत वाट, गटार, मोकळी जागा यांचा नकाशाही द्यायचा. १९५५ मध्ये हे काम एका मामलेदाराला आणि दोन सर्व्हेअरांना झेपले असते. २०१७ मध्ये त्यासाठी पोलिसांची फौज लागली.

१९८०-९० च्या दशकांत सरकारला हा निकाल लावता आला असता, कारण तेव्हा १९४२ चे साक्षीदार जिवंत होते. आज ते फारसे उरलेले नाहीत. उलट २००५ मध्ये संसदेने विस्थापितांच्या भरपाईचे जुने कायदेच रद्द केले. काम झाले असे मानून. त्याच सुमारास उल्हासनगरात हातोडा चालू होता.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने क्रम उलटवला आहे. आता पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. तातडीचे कलम आहे, ते संरक्षणासाठी आणि नैसर्गिक आपत्तीसाठी. तिथेही ताब्याआधी ८० टक्के रक्कम द्यावी लागते. कल्याणच्या पट्ट्याने जी किंमत मोजली तिच्या मानाने ही सुधारणा चांगली आहे. पण हा कायदा पुढच्या जमिनींसाठी आहे. नेवाळीची जमीन १९४२ च्या निकडीत गेली आणि तिचा निकाल त्याच काळच्या कागदांवर लागायचा आहे. ते कागद शोधून काढून गावकऱ्यांपुढे ठेवणे, मग ते कोणाच्याही बाजूचे असोत, हे काम ज्याने जमीन घेतली त्याचे आहे.